बेरीज की गुणाकार हे ठरवण्याआधी: संभाव्यतेची गणितं कशी वाचायची

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "संभाव्यतेची सूत्रं पाठ आहेत. सोडवलेलं उदाहरण वाचलं की समजतं. पण नवीन गणित समोर आलं की बेरीज करायची, गुणाकार करायचा की आणखी काही, हे सुचतच नाही. मूळ संकल्पना आणि सरावाची गणितं, दोन्ही समजावून सांगाल का?"

मी पुण्यात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवतो. हाच प्रश्न मला अकरावीची मुलं विचारतात आणि पदव्युत्तर वर्गातलीही विचारतात. माझं मत ठाम आहे: अडचण सूत्रात नसते. गणित वाचून झाल्यावर आणि सूत्र आठवायच्या आधी एक पायरी असते, तीच गाळली जाते. प्रयोग नेमका काय आहे, त्याच्या सगळ्या निष्पत्ती, म्हणजे शक्य असलेले निकाल, कोणते, आणि त्या समसंभाव्य आहेत का, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखी आहे का, हे कागदावर लिहायचं. डोक्यात नाही, कागदावर. एवढं केलं की निम्म्या गणितांत सूत्राची गरजच उरत नाही.

दोन नाणी उडवली. किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? पुष्कळ जण म्हणतात, दोन छापे, एक छापा एक काटा, दोन काटे, अशा तीन शक्यता, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या, म्हणून २/३. असं उत्तर आलं तर लाज वाटून घेऊ नका. दालाँबेर हा अठराव्या शतकातला थोर फ्रेंच गणिती. त्यानेही १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात हेच उत्तर दिलं होतं. त्याचा युक्तिवाद जरा निराळा होता: पहिल्या फेकीतच छापा आला तर दुसरी फेक लागतच नाही, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता. आता एक नाणं रुपयाचं आणि दुसरं पाच रुपयांचं घ्या. रुपयावर छापा आणि पाचावर काटा ही एक निष्पत्ती, रुपयावर काटा आणि पाचावर छापा ही दुसरी. म्हणजे एकूण चार निष्पत्ती, त्यांपैकी तिघींत किमान एक छापा आहे, उत्तर ३/४. दोन छापे, एक छापा एक काटा, दोन काटे ही तीन शक्यतांची यादी नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींचा संच, म्हणून चूक नाही, पण त्या तीन समसंभाव्य नाहीत: त्यांच्या संभाव्यता १/४, १/२ आणि १/४ आहेत. 'अनुकूल भागिले एकूण' हे सूत्र फक्त समसंभाव्य निष्पत्तींसाठी आहे, ही अट पाठ्यपुस्तकात छापलेली असते आणि वाचताना नजरेतून निसटते.

यावरून एक सवय लावून घ्या. वस्तू दिसायला अगदी सारख्या असल्या, तरी मोजताना प्रत्येकीला वेगळं नाव द्या. तीन फाशांचं जुनं गणित यासाठी फार चांगलं आहे. जुगाऱ्यांना अनुभवाने जाणवलं होतं की तीन फाशांची बेरीज ९ पेक्षा १० थोडी जास्त वेळा येते, पण दोन्ही बेरजा जुळवण्याचे प्रकार सहा-सहाच दिसत होते. हे कोडं गॅलिलिओने सोडवलं. ९ साठी १-२-६, १-३-५, २-३-४, १-४-४, २-२-५ आणि ३-३-३ हे प्रकार. फाशांना लाल, निळा, पांढरा अशी नावं दिली की पहिले तीन प्रकार प्रत्येकी सहा रीतींनी येतात, १-४-४ आणि २-२-५ तीन-तीन रीतींनी, आणि ३-३-३ एकाच रीतीने. एकूण २५. आता १० साठी हीच यादी स्वतः करा, २७ यायला हवेत. एकूण निष्पत्ती २१६, म्हणून संभाव्यता २५/२१६ आणि २७/२१६. फरक शेकड्याला एकाहूनही कमी आहे, आणि तो नुसत्या खेळण्यातून लोकांच्या लक्षात आला होता याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे घटना. नमुना अवकाशातल्या काही निष्पत्तींचा संच म्हणजे घटना, ही व्याख्या तुम्हाला येत असणार. पण घटना इतकी स्पष्ट सांगता आली पाहिजे की प्रयोग झाल्यावर ती घडली की नाही यावर दोन माणसांत वाद होता कामा नये. 'उद्या पुण्यात पाऊस पडेल' ही घटना आहे का? जूनमध्ये कात्रजला धो-धो पडतो आणि विमाननगरला रस्ता कोरडा असतो. म्हणून हवामान खातं पावसाचा दिवस मोजताना ठराविक केंद्रावरची नोंद घेतं, आणि २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. आता 'उद्या शिवाजीनगर केंद्रावर पावसाचा दिवस असेल' ही खरी घटना झाली. गणितातही असंच करा. 'दोन चेंडू एकाच रंगाचे' असं वाचलं की लगेच 'दोन्ही लाल, किंवा दोन्ही पांढरे' असं फोडून लिहा.

'किमान एक' हे शब्द दिसले की उलट बाजूने जा: एकही नाही याची संभाव्यता काढा आणि १ मधून वजा करा. या विषयाची सुरुवातच अशा प्रश्नातून झाली असं म्हणता येईल. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्यामागे शेव्हालिए द मेरे या फासे खेळणाऱ्या गृहस्थाचे प्रश्न होते. एक फासा चार वेळा टाकला तर किमान एक सहा येण्याची संभाव्यता १ − (५/६)⁴ = ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. पैज लावावी अशी. मेरेला वाटलं, दोन फाशांवर दोन्ही सहा येणं सहापट दुर्मीळ, तर फेकी सहापट करू, २४. पण १ − (३५/३६)²⁴ हे सुमारे ०.४९१ येतं. पैज हरण्याची. संभाव्यता प्रमाणात वाढत नाहीत, हे या दोन आकड्यांतून जितकं ठसतं तितकं व्याख्यानातून ठसत नाही. कॅल्क्युलेटरवर दोन्ही करून बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'किंवा आलं की बेरीज, आणि आलं की गुणाकार' असं शिकवलं जातं. मला ते मान्य नाही. दोन्ही अर्धवट आहेत, आणि गणित चुकतं ते राहिलेल्या अर्ध्यात. ५२ पत्त्यांतून एक पत्ता काढला, तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता? ४ राजे, १३ बदाम, बेरीज १७. पण बदामाचा राजा दोनदा मोजला गेला. खरे पत्ते १६, म्हणून १६/५२ = ४/१३. सरळ बेरीज तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही घटना एकाच वेळी घडूच शकत नाहीत, म्हणजे त्या परस्पर अपवर्जी असतात.

गुणाकाराचं तसंच. डब्यात १२ पेढे आहेत, ७ केशरी आणि ५ साधे, आकार सारखा. न बघता एकामागून एक दोन काढले. दोन्ही केशरी असण्याची संभाव्यता ७/१२ × ७/१२ नाही. पहिला केशरी निघाल्यावर डब्यात ११ पेढे उरतात आणि त्यांत ६ केशरी, म्हणून ७/१२ × ६/११ = ७/२२. गुणाकार इथेही आहेच, पण दुसरा अपूर्णांक 'पहिली घटना घडली आहे' असं धरून काढलेला आहे. गुणाकाराचं खरं सूत्र हेच. स्वतंत्र घटनांत तो दुसरा अपूर्णांक बदलत नाही, एवढंच. पहिला पेढा परत डब्यात ठेवला असता तर ७/१२ × ७/१२ बरोबर ठरलं असतं. 'परत ठेवून' की 'न ठेवता', हे शब्द गणितात शोधून त्यांच्याखाली रेघ मारा. आणि दोन्ही एकाच प्रकारचे असण्याची संभाव्यता? (७×६ + ५×४)/१३२ = ६२/१३२ = ३१/६६. ही बेरीज सरळ चालली, कारण दोन्ही केशरी आणि दोन्ही साधे असं एकाच वेळी होऊ शकत नाही.

इथे एक गोंधळ मुद्दाम सांगतो, कारण तो फार हुशार मुलांचाही होतो. परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र या दोन गोष्टी एकच वाटतात, 'दोघांचा एकमेकांशी संबंध नाही' अशा. प्रत्यक्षात त्या जवळजवळ विरुद्ध आहेत. फाशावर सम अंक आला हे कळलं की विषम आला नाही हे पक्कं झालं. याहून घट्ट संबंध कुठला? दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर परस्पर अपवर्जी घटना कधीच स्वतंत्र नसतात. उलट स्वातंत्र्य कधी कधी अनपेक्षित जागी सापडतं. दोन फासे टाकले. पहिल्यावर ४ आला ही एक घटना, बेरीज ७ आली ही दुसरी. स्वतंत्र आहेत का? बेरीज ७ ची संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६. पहिल्यावर ४ आला हे कळल्यावर दुसऱ्यावर ३ हवा, तेही १/६. बदल नाही, म्हणून स्वतंत्र. आता बेरीज ८ घेऊन बघा: आधी ५/३६, कळल्यावर १/६. स्वतंत्र नाहीत. स्वातंत्र्य वाटण्यावर सोडू नका, तपासा. आणि जिथे गणितात ते दिलेलं नाही तिथे गृहीत धरू नका. कर्वे रस्त्यावर लागोपाठचे दोन सिग्नल लाल मिळण्याची संभाव्यता काढताना लोक सर्रास गुणाकार करतात, पण एकामागून एक सिग्नलच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असतील तर तो गुणाकार निराधार आहे.

सशर्त संभाव्यतेला घाबरण्याचं कारण नाही. नवी माहिती मिळाली की नमुना अवकाश आकुंचन पावतो, बस. दोन नाण्यांत 'किमान एक छापा आहे' असं कळलं, तर उरलेल्या तीन निष्पत्तींपैकी दोन्ही छापे एका निष्पत्तीत, म्हणून १/३. 'रुपयाच्या नाण्यावर छापा आहे' असं कळलं, तर उरतात दोनच निष्पत्ती, म्हणून १/२. ऐकायला सारखीच वाटणारी माहिती, पण अवकाश वेगळा उरतो.

यातलं सगळ्यांत उपयोगी गणित रोगचाचणीचं. आकडे मी गणितासाठी धरलेले आहेत. एका वस्तीत १०,००० माणसं, त्यांपैकी १ टक्क्याला आजार आहे. चाचणी ९० टक्के आजारी माणसांत होकारार्थी येते आणि ५ टक्के निरोगी माणसांतही चुकून होकारार्थी येते. एकाची चाचणी होकारार्थी आली. त्याला आजार असण्याची संभाव्यता? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. माणसं मोजा. आजारी १००, त्यांतले ९० होकारार्थी. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५ होकारार्थी. एकूण होकारार्थी ५८५, त्यांत खरे आजारी ९०, म्हणून ९०/५८५ = २/१३, सुमारे १५ टक्के. हेच बेजचं सूत्र. थॉमस बेज हा इंग्रज धर्मगुरू आणि गणिती १७६१ मध्ये वारला आणि त्याचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने पुढे आणल्यामुळे १७६३ मध्ये छापला गेला. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही दहा हजार माणसांची रीत वापरा, परीक्षेतही चालते.

पण इथे थांबू नका, कारण अर्धवट शिकलेलं हे गणित घातक आहे. चाचण्या निरुपयोगी असतात असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले विद्यार्थी मला भेटतात. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी घेऊन दवाखान्यात आलेली माणसं ही वस्तीतून यदृच्छेने उचललेली नसतात. त्यांच्यात आजाराचं प्रमाण ४० टक्के धरा. आजारी ४,०००, त्यांत होकारार्थी ३,६००. निरोगी ६,०००, त्यांत होकारार्थी ३००. आता ३,६००/३,९०० = १२/१३, सुमारे ९२ टक्के. चाचणी तीच, उत्तर २/१३ वरून १२/१३ वर गेलं, कारण तुम्ही कुणाची चाचणी करताय ते बदललं. तापलेल्या माणसाला तपासून मगच चाचणी लिहून देणारा डॉक्टर हेच करत असतो. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन केलं, तेच जेफ्रीज ज्यांनी बेजच्या या विचाराची बाजू लावून धरली होती. पुढे १९५३ मध्ये पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग हुजूरबाजारांनी उभा केला. हा विषय पुण्यात परका नाही, हे इथल्या विद्यार्थ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

वाढदिवसाचं गणित सगळ्यांनी ऐकलेलं असतं: २३ जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित जास्त, ०.५०७. साठ जणांच्या वर्गात ती ०.९९ च्या वर जाते. पण त्याच वर्गात 'माझ्या' तारखेला आणखी कुणाचा वाढदिवस असण्याची संभाव्यता १ − (३६४/३६५)⁵⁹, जेमतेम ०.१५. पहिल्या प्रश्नात जोड्या १,७७० आहेत, दुसऱ्यात फक्त ५९. हे झालं पुस्तकातलं. आता आपल्याकडचं. वर्गाऐवजी गावातल्या साठ ज्येष्ठ नागरिकांचे दाखले घ्या. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनवाले ढिगाने आहेत. मग ३६५ दिवस समसंभाव्य हे गृहीतकच मोडतं. गंमत म्हणजे तारखा असमान झाल्या की जुळणी होण्याची संभाव्यता वाढतेच, कमी होत नाही. गृहीतक मोडल्यावर उत्तर कोणत्या दिशेला सरकेल, हे विचारायची सवय लागली की तुम्ही विषयात शिरलात असं समजा.

मोजता न येणाऱ्या निष्पत्तींचं एक गणित. दोन मैत्रिणी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान केव्हातरी येणार, प्रत्येकीची वेळ यदृच्छ आणि एकमेकींपासून स्वतंत्र. जी आधी येईल ती १५ मिनिटं थांबेल आणि निघून जाईल. भेट होण्याची संभाव्यता? इथे यादी करता येत नाही. चौरस काढा: आडव्या बाजूला एकीची वेळ, उभ्या बाजूला दुसरीची. भेट न होण्याचा भाग म्हणजे दोन कोपऱ्यांतले दोन त्रिकोण, ते जोडले की ३/४ बाजूचा चौरस होतो. म्हणून उत्तर १ − ९/१६ = ७/१६. पत्ते मोजणं आणि क्षेत्रफळ मोजणं हे एकाच नियमांखाली बसतं, हे रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये स्वच्छ मांडलं: संभाव्यता ऋण नसते, संपूर्ण अवकाशाची १ असते, आणि परस्पर अपवर्जी घटनांची मिळून संभाव्यता म्हणजे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज. बाकी सगळं यातून निघतं.

तुमच्या परीक्षेपुरतं एक. चार पर्याय, बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला पाव गुण वजा असं धरू. डोळे मिटून खूण केली तर सरासरी मिळकत १/४ − ३/४ × १/४ = १/१६ गुण. जवळपास काहीच नाही. वजाबाकी एक तृतीयांश असेल तर नेमकी शून्य. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर पाव वजाबाकीत १/२ − १/८ = ३/८. म्हणून प्रश्न सोडायचा की नाही हे धाडसावर ठरवू नका, किती पर्याय खात्रीने बाद झाले यावर ठरवा. मात्र ही सरासरी आहे. पाच-सहा प्रश्नांत ती दिसेलच असं नाही.

सरावाबद्दल एकच आग्रह: रोज पंधरा गणितं उरकण्यापेक्षा तीन करा, पण प्रत्येकात आधी अंदाज लिहा, मग निष्पत्ती, मग उत्तर, आणि अंदाज चुकला असेल तर तो का चुकला ते एका वाक्यात लिहा. आकडे मोठे असतील तर तेच गणित लहान आकड्यांवर करून यादीने पडताळा. अप्पा बळवंत चौकात अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं मिळतात, त्यांतल्या या प्रकरणांचे सराव संच पुरेसे आहेत. जाडजूड प्रश्नसंच आत्ता नकोत.

आता तीन गणितं. उत्तरं खाली आहेत, पण आधी कागद घ्या.

पहिलं: एमएच १२ च्या एका मालिकेत गाड्यांचे क्रमांक ०००१ ते ९९९९ असतात. यदृच्छेने एक क्रमांक निवडला. चारही अंक वेगवेगळे असण्याची संभाव्यता किती? आणि किमान एक ७ असण्याची?

दुसरं: पत्त्यांच्या कॅटमधून न परत ठेवता दोन पत्ते काढले. दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता किती? पहिला पाहिलेला नाही.

तिसरं: तीन डबे आहेत. एकात दोन केशरी पेढे, एकात दोन साधे, एकात एक केशरी आणि एक साधा. यदृच्छेने एक डबा उचलला, न बघता त्यातला एक पेढा काढला, तो केशरी निघाला. त्याच डब्यातला दुसराही केशरी असण्याची संभाव्यता किती?

पहिल्याचं उत्तर: चार वेगळ्या अंकांचे क्रमांक १० × ९ × ८ × ७ = ५,०४०, म्हणून ५,०४०/९,९९९, निम्म्याहून किंचित जास्त. ७ नसलेले ९⁴ − १ = ६,५६०, कारण ०००० हा क्रमांक नाही. म्हणून किमान एक ७ असलेले ३,४३९, आणि संभाव्यता ३,४३९/९,९९९.

दुसऱ्याचं उत्तर १/१३. पहिला एक्का होता की नव्हता अशा दोन बाजू घेऊन ४/५२ × ३/५१ + ४८/५२ × ४/५१ असं करता येतं, पण दुसऱ्या जागी ५२ पैकी कुठलाही पत्ता येण्याची संभाव्यता सारखीच आहे, हे दिसलं तर आकडेमोड लागतच नाही.

तिसऱ्याचं उत्तर १/२ नाही. हे फ्रेंच गणिती बर्ट्रांड याने १८८९ मध्ये मांडलेल्या कोड्याचं रूप आहे, त्याने पेट्या आणि सोन्या-चांदीची नाणी घेतली होती. केशरी पेढे एकूण तीन आहेत, त्यांना क, ख, ग अशी नावं द्या. क आणि ख एका डब्यात, ग साध्या पेढ्याबरोबर. तुमच्या हातात यांपैकी कुठलाही असण्याची संभाव्यता सारखी. क किंवा ख असेल तर डब्यातला दुसराही केशरी, ग असेल तर साधा. म्हणून २/३.